‘मॅडम, अजून टर्बो सीच?’

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. वय ३९, नोकरीला १४ वर्षं, अभ्यासक्रम विनाअनुदानित, महिन्याला २४ हजार. गेल्या तीन वर्षांत त्या स्वतःच्या खर्चाने पुणे, मुंबई आणि दोनदा बंगळूरला तंत्रज्ञानाच्या परिषदांना आणि मेळाव्यांना जाऊन आल्या. मोजून अकरा वेळा. प्राचार्य ड्यूटी लीव्ह देत नाहीत, ‘याचं सर्टिफिकेट नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) चालतं का?’ एवढंच विचारतात. स्टाफरूममध्ये ‘मॅडमची सहल’ असं नाव पडलंय. नवरा अडवत नाही, पण दर खेपेला ‘एवढं करून मिळतं काय?’ म्हणतो. मागच्या वेळी पुण्याच्या मेळाव्यात व्यासपीठावर त्यांचाच माजी विद्यार्थी होता. चहाच्या वेळी त्याने चार जणांसमोर हसत विचारलं, ‘मॅडम, कॉलेजमध्ये अजून टर्बो सीच का?’ (टर्बो सी म्हणजे सी भाषेतले प्रोग्रॅम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर.) परतीच्या बसमध्ये त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्या लिहितात, ‘तिथे निम्मं डोक्यावरून जातं. इकडे मुलांना त्याचा काही उपयोग होत नाही. आपण दोन्हीकडे खोट्या आहोत असं वाटतं. जाणं बंद करू, की शिकवणं सोडून एखाद्या कंपनीत शिरू?’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, जुनी सवय. परिषदांबद्दल तुम्ही साडेचार पानं लिहिली आहेत: सभागृह कसं होतं, कोण बोललं, कुणी ओळख दाखवली नाही, टी-शर्ट कसा घोळदार निघाला (तो बायकांच्या मापाचा कधीच नसतो, यात तुमची काही चूक नाही). वर्गाबद्दल मात्र एकच ओळ आहे. त्या ओळीकडे मी येणारच आहे, पण आधी बसमधली ती रात्र. ते ठसठसणं थोडं कमी झाल्याशिवाय बाकी काही तुमच्या कानात शिरायचं नाही.

मुलगा चारचौघांत बोलला, हसत बोलला. तेवढं त्याचं चुकलं. प्रश्न चुकीचा होता असं मला म्हणवत नाही, आणि तुम्हालाही म्हणवलेलं नाही. तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते पत्रात कुठेच नाही. लागलं ते त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं म्हणून.

आता ‘सिलॅबस आमच्या हातात नाही’ हे तुमचं वाक्य घेऊ. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचे. एकदा विद्यापीठाची अभ्यासक्रमाची प्रत शांतपणे काढून बघा. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक प्रतींत ‘सी प्रोग्रामिंग’ असं छापलेलं असतं, कंपायलरचं, म्हणजे तो प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव नसतं. टर्बो सी जिवंत आहे ते जर्नलमुळे. मागच्या वर्षीचं जर्नल या वर्षीच्या मुलांकडे जातं. त्यात टर्बो सीच्या वळणाच्या त्याच ओळी: वरती कोनिओ.एच, खाली व्हॉइड मेन, मग क्लियरस्क्रीन, शेवटी गेटसीएच. प्रॅक्टिकलला येणारे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षकही त्याच निळ्या पडद्यावर वाढलेले. कंट्रोल-एफ नाइनने चालवायचं, ऑल्ट-एफ फाइव्हने उत्तर बघायचं, हे बोटांना पाठ. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीचं ते सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर सरळ उघडतही नाही, म्हणून आपण ते डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून चालवतो. जुनं टिकवायला इतके नवे कष्ट फक्त शिक्षकच घेऊ जाणे.

म्हणून एक टोचणारा प्रश्न विचारते. अकरा परिषदा झाल्या. या तीन वर्षांत लॅबमधल्या एका मशीनवर जीसीसी, म्हणजे आजचा मोफत सी कंपायलर, घालून ठेवायला कुणाची परवानगी आडवी आली होती?

कदाचित खरंच आली असेल. पण तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि मला संशय आहे की तसा प्रयत्न झालेलाच नाही. रागावू नका. परिषदेच्या सभागृहात आपण दोन दिवस वेगळीच बाई असतो. गळ्यात पट्टा, त्यावर नाव, बाजूला ओळखीचं कुणी नाही, स्टाफरूमचे टोमणे नाहीत, प्यून ‘मॅडम, प्रिन्सिपलनी बोलावलंय’ म्हणत येत नाही. त्या मोकळ्या हवेसाठी जाणं मुळीच वाईट नाही. मीही गेलेय. फक्त ते ‘मुलांसाठी’ आहे असं स्वतःला सांगत राहिलो की तुम्ही म्हणता ते खोटेपण आत साचत जातं.

माझी एक फजिती सांगते. वीस वर्षांपूर्वी पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत फेब्रुवारीत ग्नूनिफाय हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरायचा. तिथून मी भारावून परतले होते. विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्सचा एक प्रकार म्हणजे उबुंटू; त्याच्या सीडी तेव्हा फुकट, पोस्टाने घरपोच यायच्या. एका रविवारी लॅब उघडून घेतली आणि बाराच्या बारा मशीनवर लिनक्स चढवायला बसले. नवव्या मशीनवर पार्टिशन (डिस्कचा कुठला भाग वापरायचा ते) निवडताना चुकीच्या ओळीवर एंटर दाबला. ते मशीन लॅबमध्ये ठेवलेलं असलं तरी वापरायचं ऑफिस. त्याच्यावर अंतर्गत परीक्षेचे गुण होते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. सोमवारी तीन जणांनी कागदी हजेरीपटांवरून गुण पुन्हा भरले. पुढे वर्षभर माझ्या रजेच्या अर्जावर साहेब काही न लिहिता नुसतं माझ्याकडे बघायचे. लिनक्स चांगलं होतं, मी घाई केली. परिषदेहून येणारा माणूस सगळं एकदम आणायला बघतो, आणि नाही जमलं की काहीच आणत नाही. तुम्ही या दुसऱ्या टोकाला आहात.

आता ‘निम्मं डोक्यावरून जातं’ याबद्दल. तुमच्या शेजारी मान डोलावणाऱ्याच्याही डोक्यावरूनच चाललेलं असतं. परिषदेतलं भाषण ज्याला नेमकी तीच अडचण आलीय त्याच्यासाठी असतं. एखाद्या कंपनीचा डेटाबेस रात्री दोनला का झोपतो याची कथा ऐकायला तीनशे लोक बसतात, पण ती खऱ्या अर्थाने त्यातल्या दहा जणांची असते. तुमच्याकडे तो डेटाबेस नाही. तुमच्याकडे साठ मुलं आहेत, त्यातल्या वीसेक जणांनी घरी कीबोर्ड बघितलेला नाही. अडचण तुमचीही खरीच आहे, फक्त तुम्ही ती घेऊन तिथे गेला नाहीत. रिकाम्या हाताने, ‘काय काय आहे बघू’ म्हणून गेलात. आठवडी बाजारात यादी न घेता गेलं की माणूस पिशवीभर काहीबाही घेऊन येतो आणि घरी कळतं की मीठच राहिलं.

भाषणं तर नंतर यूट्यूबवर येतात. पायकॉन इंडिया ही पायथॉन भाषेची परिषद २००९ साली बंगळूरला स्वयंसेवकांनी सुरू केली, २०११ला ती पुण्यातही झाली होती. तिथल्या भाषणांच्या चित्रफिती घरी बसून फुकट बघता येतात. गाडीभाडं खर्चून जायचं ते सभागृहाबाहेरच्या जागेसाठी: चहाची रांग, जेवणाचं टेबल, जिन्याच्या पायऱ्या. पुढच्या वेळी भाषणं निम्मी सोडा आणि एकच प्रश्न बरोबर न्या. मी जो नेत असे तो फुकट देते: ‘तुमच्याकडे नवीन लागलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात काय येत नाही?’ पाच-सहा जणांना विचारा. मला वाटलं होतं उत्तरं भारी असतील, नव्या भाषांची नावं कानावर पडतील. निघालं काय? एरर वाचता येत नाही. पडद्यावर लाल अक्षरं दिसली की हात वर. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची सवय नाही. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, कधी हाताळलेलं नाही. यातली एकही गोष्ट शिकवायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. त्या वर्षीपासून मी दर प्रॅक्टिकलला पहिली दहा मिनिटं मुद्दाम मोडलेला प्रोग्रॅम द्यायला लागले. दुरुस्त करायचा नाही. एरर मोठ्याने वाचायची आणि ती काय म्हणतेय ते मराठीत सांगायचं.

रांगेत एकट्या उभ्या राहता, कुणाशी बोलावं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. साठीला आले तरी मीही कागदी कप हातात धरून भिंतीवरचं पोस्टर तिसऱ्यांदा वाचते. उपाय एकच सापडला. स्वयंसेवक म्हणून नाव द्या, नोंदणीच्या टेबलावर बसा. तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही, लोक आपल्यापाशी येतात, आणि दुपारपर्यंत निम्मं सभागृह तुम्हाला नावाने ओळखतं. या परिषदांना माणसं नेहमीच कमी पडतात.

आणि बोला. ‘माझ्याकडे सांगण्यासारखं नवीन काय आहे?’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चुकलेला प्रश्न. बहुतेक परिषदांमध्ये पाच मिनिटांच्या झटपट भाषणांचं सत्र असतं, बऱ्याचदा त्याच दिवशी फळ्यावर नाव लिहून मिळतं. तुम्ही चौदा वर्षं फॅक्टोरियलचा (१पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम शिकवताय. पाच मिनिटांत एवढंच दाखवा. टर्बो सीमध्ये साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठीच्या नेहमीच्या जागेत, ७चं फॅक्टोरियल ५०४० येतं, बरोबर. ८चं यायला हवं ४०३२०, पडद्यावर येतं उणे २५२१६. कारण तिथला इंट दोन बाइटचा, ३२७६७च्या पुढे त्याची धाव नाही. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर चालवला की ८ला काही होत नाही, १२पर्यंत सगळं ठीक. १३ला यायला हवं ६२२७०२०८००, आणि सहसा दिसतं १९३२०५३५०४. यात उणे चिन्हही नाही. मुलं ते वहीत उतरवून घेतात, शिक्षक बरोबरची खूण करतात. मग तेच पायथॉनमध्ये: १३ बरोबर, १००चं फॅक्टोरियलसुद्धा १५८ अंकी, पूर्ण. टर्बो सीमधली चूक निदान ओरडून सांगते, जीसीसीमधली चूक गुपचूप बसते, पायथॉनमध्ये मुलाला कळतच नाही की इथे कधी अडचण होती. यातलं आधी काय शिकवावं? हा प्रश्न त्या सभागृहात विचारा आणि खाली बसा. मग चहाच्या वेळी लोक तुम्हाला शोधत येतील, वाद घालायला येतील. मोठ्या भाषणाचे प्रस्ताव काही महिने आधी मागवतात, तिकडे नंतर वळा.

एआयबद्दलचा तुमचा परिच्छेद वाचला. त्याला वेगळं पत्र लागेल, इथे घुसडत नाही.

आता कॉलेज. प्राचार्यांना खलनायक करू नका. त्यांची झोप वेगळ्या कारणाने उडालेली असते. तुमच्याकडे बीसीए असेल तर ते २०२४-२५पासून एआयसीटीईखाली, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली, आलंय, प्रवेशाला सीईटी लागली, आणि तालुक्याच्या गावात जागा भरणं म्हणजे काय ते तुम्ही जवळून बघताय. त्यांच्यासमोर तुम्ही ‘टेक इव्हेंटला जायचंय’ म्हणत उभ्या राहता. त्यांना ऐकू येतं: शनिवारची तीन प्रॅक्टिकलं बुडणार.

रजेचा नियम तुम्हाला कितपत लागू आहे ते आधी नीट बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत परिषदा, चर्चासत्रं, कार्यशाळांसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत ड्यूटी लीव्हची तरतूद आहे. पण ती परवानगीने मिळणारी गोष्ट आहे, आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमावर ठरावीक मानधनात काम करणाऱ्याला संस्था ती लावेलच असं नाही. तासिका तत्त्वावर असणाऱ्यांचा तर तास बुडला की पैसेच बुडतात. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या त्या वाचकांना मी दूरच्या परिषदा सुट्टीतच करायला सांगेन. तुमच्या हातात अर्ज आहे. तो ‘इव्हेंट’ या शब्दावाचून लिहा. परिषदेचं नाव, आयोजक, वेळापत्रकाची छापील प्रत, तुमचे तास कोण घेणार त्याची त्या व्यक्तीच्या सहीसह नोंद, आणि परत आल्यावर आठ दिवसांत एक पानी अहवाल देईन हे वाक्य. अर्जावर इनवर्ड नंबर घ्या. पहिला अर्ज नामंजूर झाला तरी तो फायलीत राहतो.

‘नॅकला चालतं का’ याचं उत्तर तुम्हाला आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांकडे मिळेल. नॅकची पद्धत आता बदलतेय, पण आजवरच्या संलग्न महाविद्यालयांच्या नियमावलीत ६.३.२ हा मुद्दा आहे: परिषदा-कार्यशाळांना जाण्यासाठी किती टक्के शिक्षकांना आर्थिक मदत दिली. म्हणजे तुम्हाला तिकिटाचे पैसे दिल्याचा आकडा कॉलेजलाच भरायला लागतो. ही गोष्ट भांडणात सांगू नका, समन्वयकांच्या तोंडून साहेबांच्या कानावर जाऊ द्या. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाने ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलंय. मुलांना काम करायला पाठवायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक प्राचार्यासमोर आहे. परिषदेहून परतताना प्रमाणपत्र आणू नका, दोन मुलांना ओजेटीसाठी घेणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या माणसाचं नाव आणा. ‘सहल’ हा शब्द आपोआप मागे पडेल. नाही पडला तर पडला नाही. स्टाफरूमला चघळायला काहीतरी हवंच असतं.

प्रमाणपत्रच हवं असेल तर त्यासाठी प्रवास नको. एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) अभ्यासक्रम घरबसल्या होतात आणि त्यातल्या पात्र शिक्षकांना एआयसीटीईची मान्यता असलेलं एफडीपीचं, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र मिळतं. फाइल त्याने भरा, म्हणजे परिषदांवर फाइल भरायचं ओझं राहणार नाही.

पैशांचं. नवऱ्याचा प्रश्न टोमणा समजू नका, मला तर तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला. ‘मिळतं काय?’ हेच तर मीही विचारतेय. २४ हजारांत बंगळूरची खेप दर वर्षी परवडत नाही, हे मान्य करायला लाज कसली? पुण्यात पायथॉनचे, लिनक्सचे, मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे मेळावे वर्षभर होतात, बहुतेक शनिवारी, बरेचसे फुकट. वर्षातून तीन पुरेत. बंगळूर दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि तेही आधी अर्थसाहाय्याचा अर्ज करून. पायकॉन इंडियासारख्या परिषदा येण्या-राहण्याच्या खर्चासाठी असे अर्ज मागवत आल्या आहेत, आणि लहान गावातल्या शिक्षिकेने अर्ज करू नये असं कुठेही लिहिलेलं नसतं. उरलेल्या शनिवारी तास संपल्यावर प्रोजेक्टर लावा, मुलांबरोबर एक भाषण बघा, दर पाच मिनिटांनी थांबवून ‘काय म्हणाला?’ विचारा. इंग्रजीची अडचण असणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मराठीतून आवाज दिलेले धडे आहेत, लिनक्सचेही आणि सीचेही.

राहता राहिला कंपनीत शिरायचा प्रश्न. तो अपमानाच्या चहानंतर ठरवू नका. ३९ हे वय उशिराचं नाही, पण तुमच्या पत्रात कंपनीतलं कुठलं काम करायला आवडेल याचा एक शब्द नाही. फक्त तिथल्या लोकांसारखं दिसायचंय एवढंच कळतं. मेच्या सुट्टीत गावातल्या एखाद्या पतसंस्थेचं किंवा कृषी सेवा केंद्राचं खरं काम घ्या, लहानसं, पैसे घेऊन. तारीख पाळायची, गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकायचं, रात्री अकराला फोन आला की उठायचं. सुट्टी संपताना ते आवडलेलं असेल तर जरूर निघा, मी अडवणार नाही. नसेल आवडलं, तरी जूनमध्ये वर्गात सांगायला एक खरी गोष्ट हाताशी असेल.

परिषदा बंद करू नका. मात्र पुढच्या खेपेआधी मागच्या अकरांतली एक गोष्ट, कुठलीही एक, लॅबमध्ये उतरलेली असू दे. जीसीसीच घ्या. आधी एका मशीनवर घाला, मग एका बॅचला द्या. एक्स्टर्नल म्हणून येणाऱ्या सरांना दिवाळीआधी फोन करून सांगा की यंदा जर्नलमध्ये व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन दिसेल, कोनिओ.एच दिसणार नाही, घाबरू नका. ते बहुधा ‘बरं झालं’ म्हणतील. कुणीतरी सुरुवात करायची वाट ते स्वतःही बघत असतात.

आणि त्या मुलाला फोन करा. तो तुमच्या वर्गात पॉइंटर शिकला, आज तीनशे जणांसमोर उभा राहतो, हे त्याला ठाऊक आहे. ज्याला ओळख नको असते तो चहाच्या रांगेत मॅडमना हाक मारत नाही. विषय तुम्हीच काढा. ‘हो रे, अजून टर्बो सीच. पुढच्या महिन्यात एक रविवार देतोस का? बारा मशीन आहेत, डबा मी आणते.’

तो येईपर्यंत ऑफिसच्या मशीनचा बॅकअप मात्र घेऊन ठेवा.